अकोल्यात जुनी मोठी गाडी: एका मोजमापाचा इतिहास

अकोल्यात जुनी मोठी गाडी पाहायला गेलेला माणूस आधी खाली वाकतो. चेसिसला कुठे वेल्डिंग झालं आहे का, पाटे बसले आहेत का, खालून तेल गळतं का, हे तो बघतो. मग बोनट उघडून गाडी चालू करायला लावतो, धुराचा रंग न्याहाळतो आणि शेवटी विचारतो की ॲव्हरेज किती देते आणि माणसं किती बसतात. या तपासणीत एक अख्खं मोजमाप सामावलेलं आहे. लोखंड जाड हवं, गाडी उंच हवी, इंजिन डिझेलचं आणि साधं हवं, घरातली सगळी माणसं एका खेपेत मावायला हवीत. हे मोजमाप अज्ञानातून आलेलं नाही. वऱ्हाडची माती, इथले रस्ते, इंधनाचे भाव आणि कुटुंबाचा आकार यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घडवलं आणि बराच काळ ते बरोबरही होतं. पण ज्या परिस्थितीने ते घडवलं, तिचा मोठा भाग गेल्या दहा-बारा वर्षांत पालटला. त्यामुळे बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो किंवा इनोव्हा जुनी घेताना आपण ज्यांना गुण म्हणतो, त्यांतले काही आता गुण उरलेले नाहीत, आणि ज्या उणिवांकडे कानाडोळा केला तरी चालत होतं, त्या आता जिवावर बेतू शकतात. हे मोजमाप कसं तयार झालं ते पाहिलं, तरच त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवता येईल.

त्याचं मूळ मोटारीच्याही आधीचं आहे. वऱ्हाडची काळी, भारी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच चाकाला छळते. तिच्यातली चिकणमाती पावसाचं पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी या ओढाताणीत खचतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात तर क्षारयुक्त माती पाण्याचा निचराच होऊ देत नाही, म्हणून अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत हा त्रास अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाची मागणी भडकली, आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. रेल्वेने लांबचा प्रश्न सोडवला, गाव ते स्टेशन हा टप्पा मात्र बैलगाडीकडेच राहिला. त्यासाठी वऱ्हाडात दोन वाहनं होती. मालासाठी बंडी आणि माणसांसाठी हलकी, वेगवान दमणी. दारात दमणी असणं ही ऐपतीची खूण होती. बहुतेक घरांना मात्र दोन्ही परवडत नसत. ज्या बंडीतून कापूस बाजारात जाई, तिच्यातूनच माणसं लग्नाला आणि यात्रेला जात. एकाच वाहनाने माल, माणसं आणि वाईट वाट या तिन्ही गोष्टी निभावून न्याव्यात, ही अपेक्षा तिथून चालत आली आहे.

मोटार आली तेव्हा हीच अपेक्षा तिच्याकडून केली गेली. दुसरं महायुद्ध संपल्यावर महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली. खेड्यातल्या माणसाला ती प्रथम दिसली ती सरकारी खात्यांच्या दारात. खासगी मालकीची जीप मूठभर घरांपुरतीच होती. सर्वसामान्यांचा प्रवास १९६१ नंतर विदर्भातही महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एसटीने होऊ लागला, पण एसटीची फेरी ठरलेल्या वेळेला आणि ठरलेल्या रस्त्यावरच. मधली पोकळी काळीपिवळीने भरली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या वाहनाला मॅक्सीकॅब असा वेगळा वर्ग दिला. बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि महिंद्रची कमांडर काळ्या-पिवळ्या रंगात अकोला-अकोट, अकोला-पातूर, मूर्तिजापूर-कारंजा अशा वाटांवर धावू लागल्या. कागदावरची प्रवासीसंख्या आणि प्रत्यक्षातली यांत मोठं अंतर असे. तरीही या गाड्या टिकल्या, आणि त्या टिकलेल्या पाहूनच वऱ्हाडातल्या कुटुंबांनी मोठ्या गाडीबद्दलचं आपलं मत बनवलं. पंधरा माणसं, टपावर पोती आणि खड्ड्यांचा रस्ता सोसूनही जी गाडी गावच्या मिस्त्रीच्या पान्याने पुन्हा उभी राहते, ती मजबूत. या निष्कर्षाला रोजच्या डोळ्यांदेखतच्या अनुभवाचा आधार होता.

१९९४ मध्ये टाटांची सुमो आली आणि मोठी गाडी घराच्या अंगणात उभी राहू लागली. तिच्या पाठोपाठ २००० मध्ये बोलेरो आणि टोयोटाची क्वालिस, २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ, २००५ मध्ये क्वालिसच्या जागी इनोव्हा अशी रांग लागली. यांतल्या बोलेरोने पुढे अनेक वर्षं देशातल्या सर्वाधिक खपाच्या एसयूव्हीचा मान टिकवला. या सगळ्यांची बांधणी एकाच जातीची होती. खाली शिडीसारखी स्वतंत्र चेसिस, तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ताकद आणि पुढे डिझेल इंजिन. डिझेल हा यातला निर्णायक भाग. मे २०१२ मध्ये दिल्लीच्या दराने पेट्रोल ७३ रुपयांच्या वर होतं तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा हा फरक सरकारी अनुदानाने टिकवला होता, आणि जड गाडीची तहान त्यानेच झाकली. लग्नाची वऱ्हाडी मंडळी, शेगावची वारी, चिखलदऱ्याची सहल, पुसदची किंवा नागपूरची सोयरीक, या सगळ्याला आठ माणसांची डिझेल गाडी माणशी हिशेबाने एसटीच्या जवळपास पडे. एकत्र कुटुंब, खराब रस्ता आणि स्वस्त डिझेल हे तिन्ही हजर असताना हे मोजमाप चुकणं कठीण होतं.

जुन्या गाड्यांचा व्यवहारही याच मोजमापावर उभा राहिला. शेतकऱ्याच्या हातात पैसा दर महिन्याला येत नाही. कापूस आणि सोयाबीन विकल्यावर, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तो येतो. पीक साधलं तर गाडी, फसलं तर गाडी विकायला काढायची, हे चक्र असल्यामुळे मध्येच सहज मोडता येणारी वस्तू लोकांना हवी असते. बोलेरो आणि इनोव्हा या अर्थाने जवळजवळ नगदी पिकासारख्या वागल्या. त्यांना गिऱ्हाईक कायम होतं, कारण त्यांचे सुटे भाग तालुक्याला मिळत आणि त्यांचं इंजिन खोलणारा हात प्रत्येक बाजारगावात होता. याच व्यवहारात खोटही शिरली. काळीपिवळी म्हणून राबलेली गाडी रंग बदलून, खासगी पासिंग करून घरगुती गाडी म्हणून विकली जाई. मीटर मागे करणं हे तर सर्रास. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवण्याआधीच व्यवहार होत आणि गाडी वर्षानुवर्षं पहिल्याच मालकाच्या नावावर राही. गाडी कोणाची आणि कशी वापरली गेली हे सांगणारा कागद भरवशाचा नसल्यामुळे गिऱ्हाइकाने लोखंडावर भरवसा ठेवला. चेसिस खोटं बोलत नाही, हा त्यामागचा विचार. त्या काळात तो शहाणपणाचा होता.

आता काय बदललं ते पाहू. सगळ्यांत मोठा बदल रस्त्याचा. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा टप्पा वर्षानुवर्षं रखडलेला होता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना यांदरम्यान एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झालं आणि त्याची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो अकोला शहरातून जात नाही, पण कारंजा आणि मालेगाव या बाजूंनी अकोलेकर त्याच्यावर चढतात. तिथे हलक्या वाहनांना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. जी गाडी ६० च्या वेगाने खड्डे चुकवत जाण्यासाठी बनवली होती, ती आता दुप्पट वेगाने धावते, आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. या वेगाला जाड पत्रा पुरेसा पडत नाही. धडक बसल्यावर गाडीचा पुढचा भाग ठरलेल्या रीतीने चेपला जाऊन धक्का गिळतो का, आणि माणसं बसतात तो कप्पा शाबूत राहतो का, यावर जीव ठरतो. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने ताशी ६४ किलोमीटरच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे दिले. ज्या गाडीला आपण भक्कमपणाचा आदर्श मानत होतो, तिचा हा निकाल होता. २०२४ मध्ये बोलेरो निओला दोन एअरबॅग असूनही एकच तारा मिळाला, म्हणजे एअरबॅग लावल्या की काम झालं असंही नाही. उलट २०२२ च्या अखेरीस स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले, आणि तीही चेसिसवरचीच गाडी आहे. चेसिस आहे की नाही यावर सुरक्षितता ठरत नाही, रचना कशी केली आहे यावर ठरते, हे या तीन निकालांतून सरळ दिसतं.

उंचीचं आणि बैठकीचंही तसंच. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून वेगात अचानक वळवली तर ती बुटक्या गाडीपेक्षा लवकर कलंडते. अमेरिकेत २००० साली फोर्ड एक्सप्लोररच्या प्रकरणात हे जगाने पाहिलं. फायरस्टोनच्या टायरची साल सुटून त्या गाड्या उलटत होत्या, आणि फायरस्टोनला लाखो टायर परत घ्यावे लागले. तो धडा अकोल्याला जास्तच लागू आहे, कारण इथला मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जुना टायर उष्णतेतच फुटतो. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी रबर वयाने कडक झालेलं असतं. त्याच्या बाजूवर कोरलेले चार अंक, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, हे वय सांगतात. ते कोणी वाचत नाही. सुमो, बोलेरो आणि जुन्या स्कॉर्पिओच्या मागच्या आडव्या बाकड्यांना सीटबेल्ट नाहीत. तिथे बहुधा घरातली मुलं बसतात. आठ-नऊ माणसं मावतात हा गुण मोजताना त्यातली दोन ते चार माणसं कुठल्याही आधाराशिवाय बसलेली असतात, ही उणीव आपण हिशेबात धरलीच नव्हती.

इंजिनाचा साधेपणाही मागे पडला. १९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचे दर पूर्णपणे बाजारावर सोडले गेले आणि पेट्रोलशी असलेला फरक आक्रसला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ राहायला गाडी अधूनमधून वेगाने लांब चालवावी लागते. रोज गांधी रोड ते एमआयडीसी एवढीच फिरणारी डिझेल गाडी ती जाळी तुंबवून बसते, आणि तिचं काम महाग पडतं. नोझल, सेन्सर आणि संगणक यांचा दोष धुराचा रंग पाहून ओळखता येत नाही, त्याला स्कॅनर लावावा लागतो. दुसरीकडे खूप जुनी, साधी गाडी घ्यावी तर १५ वर्षांनंतरचं पुनर्नोंदणी शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलं, आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने घातलेल्या बंदीमुळे तिकडच्या कमी भावातल्या गाड्या इतर राज्यांच्या बाजारात उतरल्या. अशी गाडी दिसायला देखणी आणि भावाला हलकी असते, पण ना-हरकत दाखला, इथला कर आणि उरलेलं आयुष्य यांचा हिशेब केला की तो हलकेपणा फार उरत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. महामार्ग झाला म्हणून शेताची वाट झाली का? खारपाण पट्ट्यात पांदण रस्ता आजही पावसाळ्यात बंदच होतो, आणि राज्य सरकारला २०२१ मध्ये त्यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणावी लागली. मग उंच, दणकट गाडीला पर्याय काय? पण इथे जुन्या मोजमापातलीच एक चूक तपासायला हवी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बोलेरो आणि स्कॉर्पिओ फोर-व्हील ड्राइव्ह नाहीत. त्यांची ताकद मागच्या चाकांना जाते आणि इंजिनाचं वजन पुढे असतं. रिकामी गाडी ओल्या काळ्या मातीत शिरली की मागची हलकी चाकं जागच्या जागी फिरतात, आणि तेव्हा तिची उंची काहीच मदत करत नाही. खऱ्या चिखलात शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. उंचीचा फायदा खड्ड्यात आणि मुरमाच्या रस्त्यावर होतो, आणि तेवढी उंची डस्टरसारख्या एकसंध बॉडीच्या गाड्यांतही आहे. ज्यांना रोज शेतात आणि मालासहित जायचं आहे, त्यांच्यासाठी बोलेरोची बाजू अजूनही भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. पण आठवड्यातून एकदा शेतात आणि बाकीचे दिवस शहरात व महामार्गावर चालणाऱ्या कुटुंबाने त्या एका वाटेसाठी बाकीचा सगळा प्रवास धोक्यात घालणं हिशेबाला धरून नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. सुरक्षित गाडी म्हणजे नवी गाडी, आणि ती परवडत नाही म्हणूनच तर जुनी घ्यायची. हा आक्षेप काही वर्षांपूर्वी बिनतोड होता. आज तसा नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ च्या अखेरीपासून पुढच्या दोन्ही एअरबॅग. त्या काळातल्या गाड्या आता जुन्या बाजारात उतरल्या आहेत. शिवाय टाटांच्या नेक्सॉनने २०१८ मध्येच पाच तारे मिळवले होते. म्हणजे सुरक्षिततेची रेषा आता नव्या आणि जुन्या यांच्यामधून जात नाही, जुन्या आणि जुन्या यांच्यामधून जाते. तेवढ्याच पैशात चौदा वर्षांची भारदस्त सातआसनी घ्यायची की सात वर्षांची लहान पण नीट बांधलेली गाडी, हा खरा प्रश्न आहे. एकत्र कुटुंबं लहान होत असताना वर्षातून दोन-तीन वेळा लागणाऱ्या जास्तीच्या जागा भाड्याच्या गाडीनेही भागतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गावचा मिस्त्री दुरुस्त करू शकेल ती गाडी आपली, बाकीच्या परक्या. हे मोजमापातलं कायम ठेवण्याजोगं अंग आहे. शेव्हर्लेने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, डस्टरचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. अशी गाडी स्वस्त मिळते, पण एखाद्या भागासाठी ती महिनाभर उभी राहिली तर ती स्वस्ताई संपते. म्हणून जवळच्या गावात भाग आणि हात दोन्ही मिळणं हा गुण आजही पहिल्या रांगेतला आहे. फक्त दुरुस्त होण्याची सोय म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. अपघातानंतर गाडी सहज सरळ होते, पण आतल्या माणसांचं तसं नसतं.

म्हणून तपासणीचा क्रम उलटा करायला हवा. आधी कागद. सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवरून नोंदणी खासगी आहे की टॅक्सी, बोजा उतरला का, चलान थकली आहेत का आणि पंधरा वर्षांतली किती उरली आहेत, हे आता घरबसल्या दिसतं. चेसिसवर भरवसा ठेवण्याचं जुनं कारण, म्हणजे कागदाचा अभाव, त्यामुळे बरंचसं संपलं आहे. मग त्याच मॉडेलचा आणि त्याच प्रकाराचा धडक-चाचणीचा निकाल, एअरबॅग, एबीएस, आणि जितकी माणसं बसवायची तितके सीटबेल्ट. मग टायरचं वय, सर्व्हिस सेंटरमधली नोंद आणि मीटर यांचा मेळ, स्कॅनरचा अहवाल. आणि हे सगळं जुळल्यावर, आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे, खाली वाकून चेसिस पाहायची. वऱ्हाडने मोठ्या गाडीकडून नेहमी एकच मागितलं होतं, की सगळ्यांना नेलं पाहिजे आणि सगळ्यांना परत आणलं पाहिजे. रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा जाड लोखंड आणि साधं इंजिन हे त्या मागणीचं उत्तर होतं. रस्ता वेगाचा झाला तेव्हा मागणी तीच राहिली, उत्तर बदललं. ते बदललेलं उत्तर स्वीकारणं हे जुन्या अनुभवाशी प्रामाणिक राहणंच आहे, कारण तो अनुभव घडला होता तोही समोरचा रस्ता पाहूनच.